बाजाराच्या दिवसाची तारीख

आमच्या तालुक्याच्या कोर्टात साधना मेश्राम कारकून आहे. तिचे वडील तलावावर मासे धरायचे, ती बी.कॉम. होऊन इथे लागली. सकाळी फाटकाजवळच्या मारुतीला हात जोडायचे आणि संगणक सुरू करायचा, हा तिचा नेम. प्रकरणांच्या तारखा तिच्याकडे असतात. मंगळवारी बाजार, म्हणून त्या दिवशी साक्षीची तारीख द्यायची नाही, हा तिथला जुना रिवाज. "बाजार सोडून कोण येते कोर्टात?" असं तीही म्हणायची.

गेल्या वर्षी न्यायाधीश साहेबांनी सांगितलं, प्रकरणं कशामुळे लांबतात ते संगणकातून काढा. साधनाने गाव, वार आणि साक्षीदारांची गैरहजेरी जुळवून पाहिली. सुट्ट्यांमुळे काही साक्षी मंगळवारवर ढकलल्या गेल्या होत्या. नेमके त्याच दिवशी साक्षीदार जास्त आले होते. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा काढलं. तेच आलं.

तेव्हा कुंताबाईचं प्रकरण अडलं होतं. नवरा गेल्यावर तिच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, श्रीहरी या दिराने हक्क सांगितला. ती बांधी तिच्या नवऱ्याने विकत घेतली, तेव्हा हजर असलेल्यांपैकी एकटे डोमाभाऊ हयात होते, आणि ते साक्षीला येतच नव्हते. साहेबांनी शेवटची संधी दिली. आता ते आले नसते तर बांधी हातची गेली असती.

साधनाने काढलेलं साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मंगळवार देऊन पाहा."

मंगळवारी डोमाभाऊ आले. पाहिलं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. बाहेर साधनाने विचारलं, "इतके दिवस काऊन नाई आले, भाऊ?"

"गावातून एकच बस, बाई. इकडं कुंता, तिकडं श्रीहरी. मी कोणाजवळ बसू? ज्याच्याजवळ बसलो त्याचाच झालो. गाव म्हणन, बुढ्याले फोडलं."

"आन आज?"

"आज बाजार आहे ना. जीपाच जीपा. कोंबड्यांच्या टोपलीजवळ बसून आलो. कोंबडी काई विचारत नाई."

साधना हसली. पुढे देवाच्या कृपेने बांधी कुंताबाईचीच राहिली. त्या संध्याकाळी मात्र निकाल कुणालाच ठाऊक नव्हता. बाजार उठला, गावाकडची एकच जीप उरली. तिच्यात बाकाच्या एका टोकाला श्रीहरी ऐसपैस बसला होता, दुसऱ्या टोकाला कुंताबाई. डोमाभाऊ चढले आणि मधल्या जागेपाशी थांबले.

"सरक थोडा," ते श्रीहरीला म्हणाले.

तो सरकला.