माझी काही तक्रार नाही

ती घटना मला आजही आठवते, आणि दर वेळी ती माझ्या चुकीपासूनच आठवू लागते. म्हणून चूक आधी सांगतो. एका आईला मी तिची मुलं परत मिळवून देतो असं सांगितलं आणि तिचा अंगठा ज्या कागदावर घेतला, त्यात मुलं तिनं राजीखुशीनं दिल्याचं लिहिलं होतं. पुढे कोर्टात शपथेवर तो कागद मीच खरा ठरवला. नोकरीत मी चोर पकडले, दोन खुनांचा छडा लावला, त्याची शाबासकी मिळाली. या प्रकरणाबद्दल मात्र मला कधी कुणी जाबही विचारला नाही.

साल साठनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. कराडच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. नाव कुणाचंच देत नाही. ती माणसं हयात आहेत आणि त्यांना माझ्यामुळे आधीच पुरेसं सोसावं लागलं आहे.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात पंचविशीची एक बाई भावाबरोबर ठाण्यात आली. भाऊ प्राथमिक शाळेत मास्तर. बौद्ध कुटुंब, चार-पाच वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेलं. बाईचा नवरा सांगलीच्या एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, मूळचा आटपाडीकडचा. भांडण होऊन ती दोन मुलांसह वर्षभर भावाकडे राहत होती. मुलगी सहा वर्षांची, मुलाला चार वर्षं पूर्ण होऊन दोन महिने झालेले.

"सायेब, पोरांस्नी जत्रंला न्हेतो म्हनला. सांजच्याला आनून सोडतो म्हनला. आज चार दिस झालं," बाई म्हणाली. "बारक्याला खोकला हाय. त्येचं औषध घरातच ऱ्हायलंय."

आमचा हवालदार कोपऱ्यातून म्हणाला, "आवं बाई, बापानंच न्हेली न्हवं? चोरट्यानं न्हेली असती तर गोष्ट येगळी." आणि हसला. मीही हसलो असेन. अशा तक्रारी महिन्याला एखादी तरी येत असे, आणि आमच्या लेखी ती नवराबायकोची घरगुती बाब असे.

मास्तरांनी खिशातून सुवाच्य अक्षरातला अर्ज काढला. म्हणाले, "साहेब, पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईकडे ठेवावं असा कायदा झालेला आहे. निदान धाकट्याच्या बाबतीत तरी काही करता येईल का?"

मला राग आला. अर्जदारानं कायदा सांगितलेला त्या काळी आम्हाला खपत नसे, आणि खरं सांगायचं तर त्या समाजातल्या माणसानं सांगितलेला तर मुळीच नाही. मी त्यांना बसायलाही सांगितलं नव्हतं. म्हणालो, "मास्तर, तो हिंदूंचा कायदा. तुम्ही तर धर्म बदललात. मग तो तुम्हाला कसा लागू होणार?"

ते शांतपणे म्हणाले, "बौद्धांनाही लागू आहे, साहेब. कायद्यातच तसं लिहिलेलं आहे."

तसं लिहिलेलं आहे, हे मी पुढे स्वतः वाचलं. त्या दिवशी "तुम्ही शाळेत शिकवा" एवढंच बोललो आणि अदखलपात्र नोंद करून दोघांना वाटेला लावलं.

दहा-बारा दिवसांनी खबर आली ती एका कासाराकडून. हा कासार बाजार करत गावोगाव फिरे आणि अधूनमधून आम्हाला बातमी देई. चहा पिता पिता तो म्हणाला, "सायेब, आटपाडीच्या बाजारात एका पोरीला बांगड्या भरल्या. आत्या संगं व्हती. हात धरला तर पोरगी म्हनती, माझ्या आयला बी भरा. म्हनलं, कुटं हाय तुजी आय? तर म्हनती, लय लांब, जिकडं ऊस असतुय तिकडं. आत्यानं असा डोळा वटारला की पोरगी गप."

मी तिकडच्या ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला आणि ट्रकच्या मालकालाही निरोप धाडला. चौथ्या दिवशी नवरा स्वतःहून हजर झाला.

माणसाला बोलतं करण्याची माझी एक पद्धत होती. सकाळी बोलावायचं, बाकावर बसवायचं आणि दुपारपर्यंत काही विचारायचं नाही. ज्याच्या मनात पाप आहे तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. ज्याला आपलं बरोबर वाटतं तो कंटाळतो. हा कंटाळला, तंबाखू मळत बसला. दुपारी आत घेतला तेव्हा पहिलं वाक्य त्याचंच होतं.

"माझीच पोरं हायती. आपली पोरं न्ह्यायला कुनाला इचारायचं, सायेब?"

"खोटं सांगून का नेलीस?"

"खरं सांगून कोन देतंय? मास्तरानं दिली असती व्हय?"

"पोरं कुठं आहेत?"

"हायती सुखरूप."

तासभर हेच चाललं. मी आवाज चढवला, तो गप्प झाला. मग मी आवाज खाली आणून विचारलं, "बारक्याचा खोकला कसा आहे?" तेव्हा तो हलला. मान खाली घालून म्हणाला, "आत्या काढा देतीया. रातचा उठून आय आय करतंय." मग स्वतःच बोलू लागला. "मी म्हैन्यातनं येकदा घरी. गेलो तर बारकं मामाच्या मागं लपलं, सायेब. माझ्याकडं यीना. असंच चाललं तर मला वळखायचं बी न्हाई. म्हनून न्हेली."

माणूस दुष्ट नव्हता. भ्यालेला होता. मुलं बहिणीकडे असल्याचं त्यानं कबूल केलं आणि पंधरा दिवसांनी आणून सोडतो असा शब्दही दिला. मला वाटलं, प्रकरण सुटलं. शब्द मिळाला की काम झालं असं मला नेहमीच वाटे, कारण तो पाळला गेला की नाही हे बघायला मी मागे राहत नसे.

त्याच आठवड्यात वरिष्ठांची वार्षिक तपासणी होती. प्रलंबित अर्ज किती, हा पहिला प्रश्न असे. असा अर्ज निकाली काढायची आमची ठरलेली रीत होती. दोन्ही बाजूंना बोलवायचं, समजूत घालायची आणि तक्रारदाराचा जबाब घ्यायचा. जबाबाची वाक्यं रायटर हवालदाराला पाठ होती: आमच्यात समजुतीने ठरले असून मुले राजीखुशीने वडिलांकडे आहेत; आता माझी काही तक्रार नाही.

बाईला मी शाळेच्या वेळात बोलावलं. मास्तर बरोबर नसावेत, हा हेतू होता. तो नवऱ्याच्या डोक्यात नव्हता, हवालदाराच्या नव्हता, माझ्याच होता.

ती घाईघाईनं आली. नवरा व्हरांड्यात उभा होता. त्याच्या आजूबाजूला मुलं दिसतात का ते तिनं आधी पाहिलं. मग आत येऊन टेबलावरच्या तयार जबाबाकडे बघत म्हणाली, "काय लिवलंय सायेब ह्यात?"

मी म्हणालो, "तुझी पोरं पंधरा दिवसांत मिळणार, म्हणून लिहिलं आहे."

"खरंच?" तिचे डोळे भरून आले. "दादानं मला सही शिकवलीया. सही करू?"

"अंगठा पुरे," मी म्हणालो. शाईची पेटी समोरच होती, आणि एकेक अक्षर जोडत तिनं केलेली सही होईपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. मी तिचा हात धरून अंगठा टेकवला. अर्ज निकाली निघाला. तपासणीत आमच्या ठाण्याला चांगला शेरा मिळाला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. मुलं आली नाहीत. मास्तर पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना कोर्टाचा रस्ता दाखवला. त्यांनी साताऱ्याला जिल्हा न्यायालयात मुलांच्या ताब्यासाठी अर्ज केला. असा अर्ज मुलं जिथं कायम राहतात तिथल्या न्यायालयात करायचा असतो. नवऱ्याच्या वकिलानं माझ्याकडचा जबाब पुढे केला आणि म्हणणं मांडलं की, आईनंच मुलं राजीखुशीनं दिली, तेव्हा त्यांचं राहणं आता सांगली जिल्ह्यातलं. साताऱ्याला हा अर्ज चालणार नाही.

मला साक्षीचं समन्स आलं. बाईच्या वकिलानं विचारलं, "जबाब वाचून दाखवला होता का?"

खरं सांगितलं असतं तर खात्याची चौकशी लागली असती. माझी बढती तोंडावर होती. मी म्हणालो, "होय. वाचून दाखवला."

"बाईंना सही येते. मग अंगठा कशाला?"

"त्यांनी स्वतःच अंगठा दिला."

ती समोर बाकावर बसली होती. मला वाटलं ती ओरडेल. तिनं फक्त भावाकडे वळून काहीतरी विचारलं आणि भावानं नकारार्थी मान हलवली. पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळलं की ती विचारत होती, "सायेब आपल्या बाजूनं बोलत्यात न्हवं?"

साताऱ्याचा अर्ज तिथं चालत नाही म्हणून परत झाला, त्याला आठ महिने लागले. सांगलीला नवा अर्ज दाखल होऊन पहिली तारीख पडेपर्यंत मुलगा पाच वर्षांचा होऊन गेला होता. ज्या कलमावर मास्तरांची सारी भिस्त होती ते हातातून निसटलं. मुलं आत्याकडे रुळली आहेत, शाळेत जातात, म्हणून ताबा वडिलांकडेच राहिला. आईनं महिन्यातून एकदा सांगलीच्या कोर्टात भेटावं असं ठरलं. ती दर महिन्याला एस.टी.नं जाई. पहिल्या भेटीला मुलगा आत्याला बिलगून बसला आणि त्यानं विचारलं, "ही कोन?" पाचव्या-सहाव्या भेटीनंतर नवऱ्यानं मुलं आणणंच बंद केलं, तरी ती जाऊन वाट बघत बसे. त्यावर आणखी अर्ज करायचं बळ त्या बहीणभावांत उरलं नव्हतं.

आता मागे वळून बघतो तेव्हा काय करता आलं असतं ते सगळं दिसतं. स्वतःच्या मुलांना नेणाऱ्या बापावर अपहरणाचा गुन्हा सहसा उभा राहत नाही, हे खरंच होतं. पण पोलिसाचं काम तिथं संपत नव्हतं. मुलं कुणाजवळ होती, कोणत्या तारखेला आणि काय सांगून नेली, हे मी नोंदीत नीट लिहून तिला नक्कल द्यायला हवी होती. तेवढ्या कागदावर साताऱ्याचा अर्ज तगला असता. मुलांना डांबून ठेवलं असेल तर मॅजिस्ट्रेटकडून शोधाचं वॉरंट मागता येतं, हे सांगायला हवं होतं. जिल्हा न्यायालयात पहिल्या आठवड्यातच जा आणि निकाल लागेपर्यंत धाकट्याचा तात्पुरता ताबा मागा, हे सांगायला हवं होतं. मुंबईला उच्च न्यायालयातही दाद मागता येते. आई असो की बाप, ज्याची मुलं अशी गेली असतील त्यानं समजुतीच्या कागदावर, तो फौजदारानं पुढे केला असला तरी, जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. अशा प्रकरणात दिवस ज्याच्या ताब्यात मुलं आहेत त्याच्या बाजूनं जातात. हे मला नोकरीनं शिकवलं, पण त्याची किंमत मी भरली नाही.

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी मी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली. बाई भिंतीला टेकून उभी राहिली. पस्तिशीही गाठली नव्हती, पण ओळखू येत नव्हती. मी सगळं कबूल केलं. बाई म्हणाली, "मला सांगून काय उपेग, सायेब? मी काय केलं न्हाई ते मला ठावं हाय. तिकडं जावा. माझ्या पोरीला सांगा. तिला त्येनं त्यो कागद दावलाय, तुझ्या आयनं तुला लिवून दिली म्हनून."

दुसऱ्या दिवशी मी आटपाडीकडे गेलो. नवरा ट्रकवर होता, मुलगा शाळेत. मुलगी अंगणात शेंगा फोडत होती. तेरा वर्षांची. आत्या दारातूनच म्हणाली, "काय बोलायचं ते माझ्याम्होरं बोला."

मी कोण ते सांगितलं. कागद मी लिहवून घेतला आणि आईला त्यात भलतंच असल्याचं सांगितलं, हेही सांगितलं. मुलगी शेंगा फोडत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "कागदावर तर राजीखुशीनं असं हाय. मी वाचलंय. दोन येळा."

"ते माझे शब्द आहेत. तुझ्या आईचे नाहीत."

"मग ती नंतर का आली न्हाई?"

"येत होती. दर महिन्याला सांगलीच्या कोर्टात येऊन बसत होती. तुम्हाला आणलं जात नव्हतं."

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या दुसरीकडे बघू लागली. मुलीचे हात थांबले. ती म्हणाली, "बारक्याला सांगू नगा. त्येला आय आठवत न्हाई. त्येला बरं हाय तसंच."

"आणि तुला?" मी विचारलं.

"मी तर तिला शिव्या दिल्या. रोज मनात द्यायची."

मी अंगणातच जमिनीवर बसलो आणि तिच्यापुढे हात जोडले. म्हणालो, "त्या शिव्या माझ्या होत्या, पोरी. तुझ्या आईनं तुला दिलं नाही. मी तुला तिच्यापासून तोडलं, आणि नोकरीपायी सात वर्षं गप्प बसलो. मला माफ कर."