अनुमोदकाच्या जागी माझी सही

२०२४ साल. मी बाहत्तर वर्षांचा. परळच्या आमच्या गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. समोर टेबलामागे बसलेला माणूस मला म्हणाला,

"आजोबा, समितीवर यायचं तर वाचता यावं लागतं. येतं का?"

वर्ग हसला. तीस-पस्तीस आईबाप. सगळे आमच्याच चाळींतले.

शाळा व्यवस्थापन समितीची निवड होती. पालकांनी पालकांतले सभासद निवडायचे, हात वर करून. दर वेळी नावं आधीच ठरलेली असतात. मुख्याध्यापिका बाई ती वाचतात, आम्ही टाळ्या वाजवतो, चहा पितो, घरी जातो. ह्या वेळी मी उभा राहिलो. मुलगा वारला माझा. सून सकाळी सातला टॉवरमध्ये साफसफाईला जाते. म्हणून नातीचा, मयूरीचा, पालक मी. चौथीत आहे ती. वर्षभर गणिताला बाई नाहीत. मुलींच्या संडासाला कुलूप. घरी येईपर्यंत पोरगी पाण्याचा घोट घेत नाही. एवढ्यासाठी उभा राहिलो. दुसरी हौस नव्हती.

टेबलामागचा तो समितीवरचा शिक्षणतज्ज्ञ. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. त्याची नातवंडं दादरच्या इंग्रजी शाळेत मोटारीने जातात. आमच्या पोरांचं भलं कशात, ते तो ठरवतो.

"तिसरी शिकलोय," मी म्हणालो. "वाचतो."

"वा! मग मागच्या सभेचं इतिवृत्त आज आजोबाच वाचणार."

बाई गडबडल्या. "सर, राहू द्या. वाचलं असं समजू या ना, नेहमीसारखं."

नेहमी तसंच होतं. मागच्या सभेत काय ठरलं ते वहीतून वाचायचं, असा नियम आहे. कुणी वाचत नाही. वाचलं असं समजतात.

"होऊ दे बाई, हौस आहे त्यांना," तो म्हणाला आणि वही माझ्यापुढे सरकवली. त्याला वाटलं, म्हातारा दोन ओळींत खाली बसेल.

मी उभा राहिलो. चष्मा लावला. अक्षराखाली बोट धरलं.

"वि... षय... क्र... मां... क..."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबांचं बफरिंग चाललंय."

"वायफाय द्या रे त्यांना!"

टेबलामागचा हसत म्हणाला, "ह्या लोकांना सगळंच राखीव लागतं. वेळसुद्धा."

हे हसू मला नवीन नाही. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत चाळीस वर्षं ओंडके उचलले. तिथला कारकून मला न विचारता शाईचा पॅड पुढे करायचा. मी पॅड बाजूला सारायचो, पेन मागायचो. बाप गिरणीत होता. साच्यावर, म्हणजे मागावर, काम येत असून त्याला कापडखात्यात घेतलं नाही. तिथे धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आमच्या जातीचं तोंड लागलेला धागा तिथल्या बाकीच्यांना चालत नव्हता. बापाने मला एकच बजावलं होतं. "उपाशी मर. अंगठा लावू नकोस." शाळा तिसरीत सुटली. सही मात्र मी घोटून घोटून कमावली. वळणदार. तिचा मला माज होता. खोटं कशाला सांगू?

मी थांबलो नाही. बोट उचललं नाही.

"पट... संख्या... कमी... अस... ल्याने... सदर शाळा... वडाळ्याच्या... शाळेत... वि... ली... न... करण्यास... पालकांची... हरकत... नाही."

हसणं थांबलं.

पुढची ओळ. "अनु... मो... दक." आणि त्यापुढे एक नाव.

अख्ख्या पानावर मी न अडखळता वाचलेले तेवढेच शब्द. नाव माझंच होतं. खाली सहीसुद्धा माझीच. वळणदार.

मग आठवलं. मागच्या सभेत पान कोरं होतं. हजेरीच्या सह्या म्हणून सगळ्यांनी केल्या. सगळ्यांत आधी मी. माझी झाल्यावर बाई म्हणाल्या, "आजोबा, काय सुंदर सही हो तुमची! इथे वरती पण एक करा." मी फुशारलो. वरती पण एक केली. कशाला, ते विचारलं नाही.

"हे मी म्हटलेलं नाही," मी ओरडलो. "पान कोरं होतं!"

"सही तुमचीच ना?" तो शांतपणे म्हणाला. "आणि सगळ्यांच्याच आहेत की."

मी वर्गाकडे वळलो. बापांनी माना खाली घातल्या. शेजारच्या खोलीतली सुवर्णा, दोन पोरं ह्याच शाळेत, तीच चिडून म्हणाली, "बाबा, तुम्हीच पुढे होऊन सही केलीत. आता बोंबलून काय उपयोग?"

खरं होतं. त्याचाच जाळ झाला अंगात.

हात वर झाले. माझ्यासाठी चार. त्यातला एक माझा.

घरी मयूरी दारातच उभी. "आबा, आलात निवडून?"

"नाही."

"मग आता संडासाचं कुलूप?"

वडाळ्याची शाळा हमरस्त्यापलीकडे, दोन बस बदलून. माझा गुडघा आता चाळीचे जिने उतरताना रडवतो. हिला कोण नेणार, कोण आणणार? सुनेने काम सोडलं तर चूल बंद. नाही सोडलं तर पोरगी घरी. माझी शाळा तिसरीत सुटली, हिची चौथीत सुटणार. आणि तिच्या शाळेच्या मरणाला अनुमोदन माझं. बापाने अंगठा लावू दिला नाही, पण कोऱ्या कागदावरची सही अंगठ्याहून वाईट, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच थोबाडावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी मयूरीच्या वहीचं पान फाडलं. चार ओळी लिहिल्या. पोरीला शब्द विचारून, खोडून, पुन्हा लिहून. कोऱ्या पानावर आमच्या सह्या घेतल्या. आमची हरकत आहे. शाळा इथून हलू देणार नाही. कुलूप काढा, गणिताला बाई द्या. मजकूर पुरा झाला, तेव्हा खाली सही केली. जन्मात पहिल्यांदा, आधी मजकूर आणि मग सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकासमोर स्टूल टाकून बसलो. मांडीवर तो कागद. वॉचमन म्हणाला, "मामा, इथे बसायचं नाही." मी बसलो.

सुवर्णा दोन्ही पोरांना ओढत आली. कागद बघून म्हणाली, "द्या बाबा, कुठे करू सही? लवकर, मला प्रभादेवीला कामावर पोचायचंय."

मी पेन खिशात घातलं.

"आधी वाच," म्हटलं. "मोठ्याने."