आधी डोळे

लाकडी बैलाचे डोळे शेवटी काढायचे, हे मी बापाकडून शिकलो. आधी लाकूड घासायचं, मग खडू-डिंकाचा पांढरा हात, मग रंग, झूल, आणि सगळं झाल्यावर डोळे. शाळेत मी फार गेलो नाही, पण एवढं पक्कं होतं.

बायकोनं ते मोडलं. तान्हा पोळा आला की पोरं लाकडी बैल सजवून गल्लीत फिरवतात, म्हणून सगळ्यांना बैल त्याच हप्त्यात पाहिजे. मी याचं शिंग, त्याचं चाक असा नाचायचो अन् एकही पुरा होत नसे. तर ही सकाळी उठून कोऱ्या लाकडावरच दोन-चार बैलांना डोळे काढून ठेवायची.

"काहून वं, रंगाआधी डोळे? लोकं हासतीन."

"हासू द्या. जो तुमच्याकडं पाहून राहिला, त्याले आधी करा. बाकीचे आंधळे हायेत, ते थांबतीन."

मला तो येडेपणा वाटे. डोळे वाचवून रंग लावायला जीव जायचा. पण संध्याकाळी तेवढे बैल पुरे झालेले असत.

होळीच्या आधी ती गेली. यंदा घर आंधळ्या बैलांनी भरलं. जरीपटका बाजारातला दुकानदार रोज फोन करी. मी त्याला हो म्हणे, दुसऱ्यालाही हो म्हणे, अन् दिवसभर खपून काहीच उभं राहत नसे. हा पोळा झाला की हे काम सोडायचं, असं मी मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात समोरची म्हातारी एक जुना बैल घेऊन आली. आमच्याच घरी केलेला. "चाक लावून द्या, भाऊजी. नातवाचा पयला पोळा हाय."

"टाईम नाही. ठेवून जा."

तिनं तो माझ्यासमोरच ठेवला. शिंग मोडलेलं, रंग पार उडालेला, झूल कुठली ते कळेना. डोळे मात्र काळेभोर, माझ्याकडे लागलेले. ओल्या फडक्यानं पुसले, नखानं खरवडले. हलेनात. पांढरा हात सुटला तेव्हा वरचा सगळा रंग घेऊन गेला होता. बायकोनं काढलेले डोळे कोऱ्या लाकडात मुरले होते. म्हातारीचं पोरगं आज कोराडीच्या वीजघरात ड्युटीवर जातं. ते रांगत होतं तेव्हाचे हे डोळे.

माझ्या शेजारी बसून ही एवढं करून गेली. असे डोळे टिकतात हे तिला तरी माहीत होतं का, कोण सांगणार.

चाक आधी त्याच बैलाला लावलं. दुसऱ्या दिवशी ब्रश मीच घेतला. ज्यांच्या घरी पोर वाट पाहत होतं, त्या बैलांना डोळे दिले. दुकानदाराचे आंधळे ठेवले अन् फोनवर त्याला थांबायला सांगून टाकलं. तो भडकला, मग म्हणाला, थांबतो.

म्हातारी बैल न्यायला आली तेव्हा माझे डोळेवाले बैल ओळीत वाळत होते. तिनं त्यातल्या एकाकडं बोट दाखवलं.

"भाऊजी, हा तर तिरळा हाय."

"हाय. पण पाहून राहिला ना माझ्याकडं."

पोळा झाल्यावर मी लाकडाच्या टालावर जाऊन पुढच्या सालाचं लाकूड सांगून आलो.