विहीर जागेवर नव्हती

ती घटना आठवली की मला आजही आधी एक विहीर दिसते. शेतातली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. आणि जिथे असायला हवी तिथे नसलेली. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढे कुतूहल दुसऱ्या कुठल्या तपासात वाटले नाही. त्यातली माणसे अजून त्याच गावात नांदत आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत दिघोरीच्या आसपासची धानाची गावे, तलाव आणि मधूनमधून जंगल. अशा ठाण्याला उन्हाळा जड जातो. बांध्या, म्हणजे भातखाचरे, रिकाम्या पडलेल्या असतात, माणसे मोकळी असतात, आणि धुऱ्याची भांडणे वर येतात. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. वर्षभर दोघेही त्याच्यावरून चालतात आणि उन्हाळ्यात त्याच्याचसाठी ठाण्यात येतात.

एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या जी. मोठ्यानं लहान्याचं डोस्कं फोडलन."

मोठा आणि लहाना हे सख्खे चुलतभाऊ. शेते एकमेकांना लागून. मोठ्याच्या शेतात धुऱ्याजवळ विहीर होती, त्याच्या वडिलांनी खणलेली. लहान्याने आपल्या शेताची सरकारी मोजणी मागितली होती. आदल्या दिवशी मोजणी झाली, लाल झेंड्या रोवल्या गेल्या, आणि त्या झेंड्या धुऱ्यावर न येता विहिरीच्या पलीकडे, मोठ्याच्या शेतात गेल्या. म्हणजे कागदोपत्री विहीर लहान्याची झाली. सकाळी लहाना हद्दीचे दगड घेऊन तिथे पोचला आणि मोठ्याने फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला.

आम्ही पोचलो तेव्हा लहान्याला गाडीत घालून नागपूरला नेले होते. पंचनामा केला, दांडा जप्त केला. मोठा विहिरीच्या काठावरच बसला होता. पळाला नव्हता.

"मीच मारलो जी," तो म्हणाला. "लपवू कायले? बापानं हातानं खणलेली विहीर. तिच्या पलीकडं झेंडी रोवली तं मी काय पाहत राहू?"

जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला आणि त्याला अटक केली. लहाना बेशुद्ध होता. तो गेला असता तर कलम बदलले असते. तपास म्हणून पाहिले तर सगळे सरळ होते: आरोपी कबूल, हत्यार जप्त, कारण उघड.

दोन दिवसांनी आमच्या एका जुन्या खबऱ्याने, गावातल्या पानठेलेवाल्याने, मला बाजूला घेतले. "साहेब, खरा गुन्हेगार तं बाहेर फिरून राहिला. मोजणीवाली बाई लहान्याच्या घरी जेवली, तांदळाचं चुंगडं घेऊन गेली, आन् लाईन सरकवलन. साऱ्या गावाले मालूम आहे."

साऱ्या गावाला खरेच माहीत होते. संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या फाटकाशी माणसे जमली. त्या बाईला अटक करा, एवढीच मागणी. तिच्या कार्यालयातही कुजबुज सुरू झाली होती. तिला निलंबित करायचे जवळजवळ ठरले होते. मी तिला जबाबासाठी बोलावले.

भूकरमापक म्हणून नोकरीला लागून तिला फार काळ झाला नव्हता. पाठीवर यंत्राची पेटी, हातात लॅपटॉप, आणि डोळे रडून सुजलेले. मी विचारले, "लहान्याच्या घरी जेवलात?"

"जेवले सर. दिवसभर उन्हात होते. त्यांच्या घरच्यांनी भात वाढला, मी खाल्ला. तांदळाचं पोतं नाही घेतलं. पण जेवले, हे लिहून घ्या."

खोटे बोलणारा माणूस आपल्या बाजूच्या गोष्टी आधी सांगतो. ही आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी सांगत होती. ते मनात ठेवून मी म्हटले, "मग लाईन तिकडे गेली कशी? आणि हे यंत्र हद्द ठरवते तरी कसे? मला पहिल्यापासून समजावून सांगा. मी नकाशे वाचणारा माणूस नाही."

ती थोडी सावरली. आपल्या कामाबद्दल विचारले की घाबरलेला माणूसही नीट बसतो. तिने सांगितले ते मला आजही लख्ख आठवते. आकाशात फिरणारे उपग्रह सतत आपली वेळ आणि जागा कळवत असतात. त्यांचा संकेत खाली यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते. निदान चार उपग्रह दिसले की आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते निघते.

"म्हणजे माझ्या फोनमध्ये असते तेच?"

"तेच सर. पण फोन चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतो. वाट शोधायला चालते. धुरा ठरवायला नाही चालत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायाला घेऊन त्या धुऱ्यावर गेलो आणि स्वतःच करून पाहिले. फोन हातात धरून विहिरीजवळ एका जागी उभा राहिलो. पडद्यावरचा निळा ठिपका आधी मोठ्याच्या शेतात होता, मग हळूहळू लहान्याच्या शेतात गेला, परत आला. मी मात्र हललो नव्हतो. शिपाई म्हणाला, "साहेब, याच्या हिशेबानं तं विहीर दोघाची आहे." आम्ही हसलो, पण मला तिचे म्हणणे पटले.

परतताना गावाच्या दुसऱ्या टोकाला एक विधवा बाई बांधीत काड्या वेचत होती. त्याच आठवड्यात तिचीही मोजणी झाल्याचे कळले होते. मी विचारले, "मावशी, तुमची लाईन बरोबर आली?"

"काय सांगू जी," ती म्हणाली. "त्या अंगानं जागा गेली, या अंगानं तेवढीच आली. भांडू तं कोणाशी भांडू?"

मी तिथेच थांबलो. लाच देणारा माणूस एका बाजूने जागा मिळवतो; दुसऱ्या बाजूने गमावत नाही. आणि या बाईकडे कोणाला देण्यासारखे काही नव्हते. तिच्याही झेंड्या सरकल्या होत्या, आणि लहान्याच्या झेंड्यांसारख्याच पश्चिमेला. अंतरही तेवढेच, साधारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या लांबीएवढे.

भूकरमापक बाईला मी पुन्हा बोलावले. या वेळी जबाब बाजूला ठेवला आणि म्हटले, "तुमचा नकाशा उघडा."

तिने लॅपटॉपवर तीन थर एकावर एक ठेवले. खाली उपग्रहातून घेतलेले गावाचे चित्र, त्यावर गावाचा जुना नकाशा, आणि सगळ्यात वर तिने स्वतः मोजलेले ठिपके. झेंड्या रोवण्याआधी शेतात जे आहे तेही मोजावे लागते. म्हणून विहीर, विजेचा खांब, धुऱ्याचे वळण, सगळ्यांचे ठिपके होते. मी विहीर दाखवायला सांगितली. चित्रात विहीर गोल, काळी, स्पष्ट दिसत होती. विहिरीचा ठिपका मात्र तिच्या बाहेर, कोरड्या बांधीत पडला होता.

"विहीर विहिरीत नाही," मी म्हणालो.

"चित्र थोडं सरकलेलं असतंच सर. म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं."

"मग चित्र सोडा. या गावात तुम्ही यापूर्वी कधी मोजले आहे?"

"मागच्या वर्षी. रस्त्याचं काम होतं."

"तेव्हा मोजलेली आणि आताही मोजलेली अशी एखादी वस्तू आहे?"

ती शोधत बसली. गावच्या रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी सिमेंटची एक मोरी होती. तिने दोन्ही वेळचे ठिपके उघडले. एक मोरीवर होता, दुसरा तिच्या शेजारच्या शेतात. जेवढे अंतर विहिरीचे, तेवढेच याचे, आणि बाजूही तीच. तिने तो फरक पुन्हा मोजून पाहिला. मग हळूच म्हणाली, "सर, बेस."

एक यंत्र तिच्या हातात असते, शेतात फिरणारे. दुसरे ती एका पक्क्या खुणेवर उभे करून ठेवते. त्याला ती बेस म्हणत होती. त्या खुणेची नेमकी जागा आधीच ठाऊक असते. तिथले यंत्र उपग्रहांच्या संकेतातली चूक ओळखते आणि फिरत्या यंत्राला कळवते, म्हणून माप बोटभर फरकाने येते. पण ती खूणच हलली असेल, तर तिथले यंत्र चुकीच्या जागी उभे राहून आपण बरोबर जागी आहोत असे सांगत राहते. मग त्याच्या भरवशावर रोवलेली प्रत्येक झेंडी, खूण जिकडे सरकली तिकडेच, तेवढीच सरकते.

"अशा वेळी दुसऱ्या खुणेवर जाऊन ताळा करायचा असतो," ती म्हणाली. "इथली दुसरी खूण रस्त्याच्या कामात गेली. मी एकीवरच काम केलं. ती चूक माझी आहे सर."

खूण गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर होती. आम्ही लगेच निघालो. पाळीची नुकतीच दुरुस्ती झाली होती, माती अजून ताजी लाल दिसत होती. सरकारी दगड आंब्याच्या सावलीच्या कडेला ताठ उभा होता. त्याला चुना लावलेला, भोवती गोटे रचलेले. इतका व्यवस्थित की शंका येऊ नये. बाईने आधी पाळीच्या मधोमध पाहिले, मग दगडाकडे. "मागच्या वर्षी हा तिथे होता," ती म्हणाली. "मला वाटलं, पाळच रुंद केली."

तलावात मासेमारी करणारे एक म्हातारे जाळे वाळत घालत होते. मी विचारले, "बाबा, हा दगड इथे कोणी गाडला?"

"मीनंच जी!" म्हातारे आनंदाने पुढे आले. "पाळीचं काम झालं तवा मशीनीनं उपटून फेकला होता. सरकारी गोटा, लोक पाय देऊन जाऊन रायले होते. मले बरं नाही वाटलं. खड्डा खणलो, उभा केलो, चुनाबी लावलो. पोरीनं त्याच्यावर मशीन ठेवलन तवा मी म्हटलो, पाहा, कामी आला का नाही?"

सर्वेक्षणाची खूण हलवणे हा गुन्हा आहे. शिपायाने माझ्याकडे पाहिले. कारवाई कोणावर करायची, हा त्याचा प्रश्न होता. मी म्हाताऱ्यांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला. दगड उपटणाऱ्या ठेकेदाराबद्दल महसूल खात्याला अहवाल पाठवला. म्हातारे घाबरून विचारत राहिले, "माहं काही चुकलं का जी?"  बाईनेच त्यांना धरून खाली बसवले आणि म्हणाली, "तुम्ही उचलला म्हणून तरी तो सापडला बाबा." ज्यांच्यामुळे तिची नोकरी जायची वेळ आली होती, त्यांच्याशी ती असे बोलली. तेवढ्यावरून मला तिच्याबद्दल जे कळले, ते कुठल्या जबाबातून कळले नसते.

तिला समज मिळाली, निलंबन टळले. शेजारच्या गावातल्या दोन खुणांवर ताळा करून सगळ्या शेतांची मोजणी पुन्हा ठरली. तोपर्यंत लहाना शुद्धीवर येऊन घरी परतला होता. जिवावरचे टळले, पण डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले. मोठा जामिनावर सुटला होता. फेरमोजणीला बंदोबस्तासाठी मी स्वतः गेलो.

झेंड्या एकेक करून रोवल्या गेल्या. सगळ्या जुन्या धुऱ्यावर आल्या, जिथे दोघांच्या वडिलांनी माती टाकली होती तिथेच. विहीर मोठ्याच्या शेतात राहिली. सगळे गाव पाहायला आले होते. ज्यांनी फाटकाशी येऊन बाईच्या अटकेची मागणी केली होती, तेही त्यात होते.

मोठा धुऱ्यावरून चालत लहान्याजवळ गेला. मी एक पाऊल पुढे सरकलो. त्याच्या हातात काही नव्हते. तो लहान्याच्या डाव्या बाजूला उभा राहून खाली पाहत म्हणाला, "मंग मी तुले मारलो कायच्यासाठी?"

लहान्याला ऐकू आले नाही. त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हणलास?"

मोठ्याला ते दुसऱ्यांदा म्हणता आले नाही. 

पुढे न्यायालयात खटला चालला आणि मोठ्याला शिक्षा झाली. ती योग्यच होती. दगड सरकला म्हणून दांडा उचलावा असे कोणी त्याला सांगितले नव्हते. पण या प्रकरणात खोटे बोलणारा माणूस मला एकही सापडला नाही. मोठ्याने कबुली दिली, बाईने जेवण कबूल केले, म्हाताऱ्यांनी दगडाचे श्रेय घेतले, यंत्रानेही आपल्या जागेवरून जे दिसले तेच सांगितले. खबऱ्यानेही जे ऐकले तेच मला सांगितले होते. त्यानंतर नोकरीत जितकी वर्षे उरली, तितकी मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना एक सवय लावली. साक्षीदारांचे जबाब जुळले नाहीत की त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही. प्रत्येकाला घटनास्थळी घेऊन जायचे आणि विचारायचे, तू तेव्हा उभा कुठे होतास? बरीच भांडणे तिथेच उलगडली.