अक्षरावरचं कडं

बोडिल क्रारूप दुष्ट होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी उगाच रुमाल शोधायला नको.

ओडेन्स या डॅनिश शहरातल्या आमच्या छोट्या कंपनीत ती चाचण्या तपासायची. कंपनी लायब्ररी बनवायची. पुस्तकांची नव्हे, तयार कोडची. दवाखान्यांच्या नोंदी एका बाजूने आत घातल्या की दुसऱ्या बाजूने स्वच्छ तक्ता बाहेर यायचा: नाव, वय, रक्तातली साखर. तक्ता बरोबर येतो का हे बघायला प्रोग्रॅमर मंडळी चाचण्या लिहीत. आत हे टाकलं, तर बाहेर हे यायला हवं. जुळलं की हिरवं, नाही तर लाल. पण ‘यायला हवं’ हेच चुकीचं लिहिलं असेल तर? मग चूकही हिरवी दिसते, आणि मशीन खूश. ती हिरवी चूक डोळ्यांनी हुडकणं हे बोडिलचं काम. मी तिथे माहितीपुस्तिका लिहायचे. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून, त्यामुळे सगळं कानावर पडायचं.

आणि काय काय पडायचं! “ही चाचणी तुझ्यासारखीच आहे. दिवा लागलाय, घरात कोणी नाही.” हे एका चांगल्या शिकलेल्या बाईला, सगळ्यांदेखत.

यानिक त्रुएल्सेन नवा लागला तेव्हा त्याचे वडील वारले. क्रियाकर्म आटोपून तो कामावर आला आणि त्याच आठवड्यात त्याने आळस केला. प्रोग्रॅम चालवला, जो तक्ता बाहेर आला तोच उचलून ‘यायला हवं’मध्ये चिकटवला. अर्थात हिरवं. बोडिलने ते पान छापून कॉफीच्या यंत्रावर डकवलं.

“उत्तर बघून प्रश्न काढलास होय रे?”

“बोडिल, या आठवड्यात माझं जरा...”

“बाप तुझा गेलाय, यानिक. पेशंटचा नाही. परत लिही.”

त्याने परत लिहिलं. पुढे बरीच वर्षं लिहीत राहिला, चांगलं लिहायला लागला, आणि एक दिवस आमचा प्रमुख झाला. शिकला, हे खरं. विसरला नाही, हेही खरं.

तोवर बोडिलचे डोळे बिघडले होते. नजरेच्या बरोबर मधोमध धुरकट डाग. जिथे बघावं तिथेच काही दिसेना, कडेचं तेवढं दिसे. मला कळलं ते तिने कॉफी कपाच्या शेजारी ओतली तेव्हा. मी फडकं दिलं.

“कोणाला बोललीस तर याद राख,” ती म्हणाली.

“अगं, डॉक्टरांचा कागद दे, मोठा पडदा मिळेल, वाचून दाखवणारं यंत्र मिळेल.”

“आणि यानिककडे मागू? मी?”

पेन्शनला दोन वर्षं उरली होती. तेवढी रेटायची, एवढंच तिचं म्हणणं. घरी कोणी नव्हतं, छंद नव्हता, मैत्रीण म्हणावी तर मीच, आणि मलाही ती फारशी आवडत नव्हती. काम गेलं असतं तर तिच्याकडे काहीच राहिलं नसतं. म्हणून ती सगळ्यांच्या आधी यायची, अक्षरं इतकी फुगवायची की पडद्यावर एकच शब्द मावायचा, आणि मान तिरकी करून पक्ष्यासारखी कडेने वाचायची.

आमच्या भाषेत एका अक्षराच्या डोक्यावर बारीक कडं असतं. कडं असलं की ‘ऑर’, म्हणजे वर्षं. कडं गेलं की ‘आर’, म्हणजे व्रण. ऑगस्टमध्ये एका दवाखान्याच्या तक्त्यात पोरीचं वय सात ‘आर’ छापून आलं. सात व्रण. चाचणीत ‘यायला हवं’मध्येही कडं नव्हतं, म्हणून हिरवं, आणि खाली मंजुरी बोडिलची. यानिकने चूक गुपचूप दुरुस्त केली. तिला हाक मारली नाही, की एका शब्दाने विचारलं नाही. एका चुकीने काही सिद्ध होत नाही, ती पुन्हा घडवून बघावी लागते, हे त्याला बोडिलनेच शिकवलं होतं.

सप्टेंबरात तिला नोकरीत पंचवीस वर्षं झाली. आमच्याकडे हा दिवस लग्नासारखा करतात. टेबलावर छोटे झेंडे, मालकांचं भाषण, थरांचा मोठा केक. बोडिल निळा झगा घालून आली होती. केस बांधून आली होती, हे मी प्रथमच पाहिलं.

“बोडिल, केकवरचं वाच की मोठ्याने,” यानिक म्हणाला. “मागच्यांना दिसत नाहीये.”

तिने मान तिरकी केली. “त्यात काय वाचायचंय? पंचवीस ऑर. बेकरीवाल्याचं अक्षर गलिच्छ आहे.”

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्यांनी केककडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग जमिनीकडे.

“नीट बघ.”

“बघितलं.”

“आर लिहिलंय, बोडिल. पंचवीस व्रण. कडं घालू नका म्हणून मीच बेकरीत सांगितलं होतं.”

“यानिक, पुरे रे,” लेर्के म्हणाली. ती सगळ्यांत नवी, तिला अजून कीव येत होती.

“का पुरे? ऑगस्टमध्ये सात व्रणांची पोर हिनेच मंजूर केली. उद्या साखरेचा आकडा असा गेला तर?”

“माझ्या नजरेतून सुटलं ते,” बोडिल म्हणाली.

“सुटलं नाही. दिसलंच नाही. म्हण ना.”

तिने टेबलाची कड चाचपली, धरली.

“हे केकचं आधी कोणाला सांगितलं होतंस?” तिने त्याला विचारलं.

“कोणालाच नाही.”

“बरं केलंस. कुणकुण लागली असती तर मी सकाळीच बेकरीत फोन करून विचारलं असतं.”

यानिकचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. “सोमवारपासून चाचण्या लेर्के बघेल. तुझे नोकरी सोडायचे कागद तयार आहेत. आज सही केलीस तर बरं.”

मालकांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. पण अशा दिवशी तीनदा तीन असे नऊ जयजयकार केल्याशिवाय कोणाला जाता येत नाही. मालक पुटपुटले, “चला, बोडिलसाठी,” आणि लोक ओरडले, हातातल्या बश्या सांभाळत, एकमेकांकडे न बघता. शेवटी शेवटी आवाज विरत गेला, आणि सगळे केकच्या सुरीकडे वळले.

“आठच झाले,” बोडिल म्हणाली.

ती मान तिरकी करून उभी राहिली, यानिकच्या दिशेने, आणि नववा जयजयकार त्याला एकट्याला ओरडावा लागला.