नळीवरची बोटं

आमच्या घरातली बंदूक देखणी होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. एकनळी, बारा बोअरची. निजामाच्या राज्यात एका जहागीरदारानं आजोबांना शिकारीतल्या चाकरीबद्दल दिलेली. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर नक्षी कोरलेली होती, उडी मारणारं हरण आणि त्याच्याभोवती वेल. खंडेनवमीला आई त्या हरणाला हळदकुंकू वाहायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लहानपणी त्याच्या तोंडाशी गवताची काडी धरायचा म्हणे.

दादा त्याच बंदुकीनं गेला. हे आधीच सांगून टाकते. लांबण लावून वाचणाऱ्याला शेवटी दचकवण्याची हौस मला नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचं साल. विहिरीच्या पाण्यावर थोडासा भुईमूग होता आणि त्यात रानडुकरं शिरत होती. दिवस मावळताना अण्णा, म्हणजे वडील, आणि दादा राखणीला निघाले. बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. अण्णा आधी पलीकडं उतरले. दादानं नळी हातात धरून लाकडी दस्ता त्यांच्याकडं पुढं केला. अण्णांनी दस्ता धरून ओढला. काट्याची फांदी चापात अडकली होती. एवढंच लिहिते. पुढचं मला ठाऊक आहे, पण ते लिहिणार नाही.

पंचनामा झाला, चौकशी झाली. लायसनदार स्वतः जागेवर हजर होता आणि त्याच्या देखत दुसऱ्यानं हत्यार धरलं होतं, तेव्हा कायद्याचा भंग नाही, अपघात आहे, असं ठरलं. साहेबांनी समज दिली. अण्णा सुटले. गावानंही त्यांना बोल लावला नाही. बंदूक ओढली कुणी, हे आमच्या घरात कुणीच कुणाला विचारलं नाही. न विचारलेली गोष्ट रोज आमच्याबरोबर जेवायला बसायची.

बंदूक वर्षभर पोलिसांच्या मालखान्यात पडून होती. तिथं तिला तेल कोण लावणार? परत आली तेव्हा अण्णांनी ती ओसरीवर उलगडली आणि तशीच खाली ठेवली. नळीच्या काळ्या रंगावर तांबूस गंजाचे चार डाग होते, एकाखाली एक, जरासे तिरपे. पलीकडच्या अंगाला एक आखूड, रुंद डाग. घामेजल्या हातानं पोलाद धरलं आणि पुसायला कुणी उरलं नाही, तर घाम लोखंड खातो. चार बोटं आणि अंगठा. हात कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

अण्णांनी तेल लावलं, रॉकेल लावलं, विटकरीच्या भुकटीनं घासलं, पॉलिश पेपरनं घासलं. डाग फिके व्हायचे आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा वर यायचे. पाऊस नाही, हवेत ओल नाही, सगळा मुलूख भाजून निघालेला, अन् हिला गंज धरायला ओल मिळते कुठून? मला त्या बंदुकीचा राग यायचा. खरं तर भीती वाटायची, पण भीतीपेक्षा राग बरा दिसतो.

ती विकून टाकावी, सरकारात जमा करावी, हे मीच म्हणाले होते. पण दुष्काळ पडला होता. शेतात काही नव्हतं. निम्मं गाव खडी फोडायला जात होतं. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या गोदामात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, पोती उतरायची आणि संघाला राखणदार हवा होता, स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन असलेला. अण्णांना ती नोकरी लागली. माझं डी.एड. झालं होतं, नेमणूक काही येत नव्हती. म्हणजे ज्या बंदुकीनं घरातला एक माणूस नेला, तिच्यावर उरलेले तिघं जगत होतो. आईनं त्या दिवसांत थापलेली प्रत्येक लाल भाकरी त्या नळीतून आली होती.

गोदामाच्या दारात अण्णा सकाळपासून बंदूक मांडीवर घेऊन बसायचे. नळीवर त्यांनी फडकं बांधलं होतं. लोक विचारायचे, तर म्हणायचे, "ऊन लागतंय, हात भाजतो." मला मात्र त्यांनी एकदा खरं सांगितलं.

"दस्ता माझ्या हातात असतोय ना पोरी, आन् पुढं ती बोटं. समोरून कुणीतरी नळी धरून हुबंय असं वाटतं. म्या वढायची वाट बघत."

त्यानंतर मलाही तसंच वाटायला लागलं. बंदूक आतल्या खोलीत, कणगीमागं, गोणपाटात गुंडाळून उभी असायची. बोटं दिसली की पुढं मनगट असणार, मनगटापुढं खांदा. दिवाबत्तीला आत गेले की मी त्या कोपऱ्याकडं पाठ करायची नाही.

आई मात्र त्या खोलीत जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. दार लोटलेलं असायचं. आवाज नाही, हुंदका नाही. कधीकधी अण्णांना गोणपाटाची गाठ वेगळी दिसायची आणि ते मला रागवायचे, "हात कशाला लावतीस?" मी हात लावत नव्हते. आम्ही दोघांनी मनाशी पक्कं केलं होतं की आईला ती बंदूक डोळ्यांसमोर नको आहे, बिचारी आत जाऊन रडते, बोलत नाही इतकंच. आमच्या घरात मनाशी पक्कं करण्याची फार सवय.

मुलाम्याची कल्पना अण्णांना संघाच्या चेअरमनच्या जीपवरून सुचली. गावातल्या सगळ्या लोखंडाची माती झाली होती आणि त्या जीपचा बंपर मात्र आरशासारखा. अण्णांनी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "मुलामा हाय. आदी घासून काडत्यात सगळं, मंग चढवत्यात." घासून काढतात सगळं, हे शब्द अण्णा चार दिवस तोंडात घोळवत होते. मग मला म्हणाले, "तुझ्या आईच्या डोळ्यापुढचं तरी जाईल."

लोखंडी पलंगाला रंग द्यावा तसा बंदुकीला मुलामा देता येत नाही, हे आम्हाला उस्मानाबादच्या कचेरीत कळलं. अर्ज मी लिहिला होता, 'सोलापूर येथे मुलामा देणेकामी'. कारकुनानं तो दोनदा वाचला. दुरुस्ती माहीत होती, विक्री माहीत होती, हरवल्याची वर्दी माहीत होती. मुलामा त्याच्या कुठल्याच फायलीत बसेना. शेवटी तो साहेबांना विचारून आला आणि नियम सांगायला लागला. लायसन जिल्ह्यापुरतं, सोलापूर दुसरा जिल्हा, तेव्हा नेण्या-आणण्याची लेखी परवानगी लागेल. न्यायची लायसनदारानंच. द्यायची ती लायसन असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडंच, दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. नळीची लांबी कमी करायची नाही.

"आन् नंबर," तो बोट वर करून म्हणाला. "नंबर पुसला तर हत्यार बेकायदेशीर. मंग मुलामा बसा चाटत आतमंदी."

नंबर पुसला तर गुन्हा होता. बाकी काय पुसायचं, त्याला सरकारची हरकत नव्हती.

परवानगी मिळाली आणि आम्ही निघालो. तुळजापूरच्या स्टँडवर अण्णांना तहान लागली. नळावर ही गर्दी. मी म्हटलं, "द्या इकडं, मी धरते." गोणपाटातली रिकामी बंदूक, गोळी नाही काही नाही. अण्णांनी ती छातीशी घेतली.

"न्हाय. दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाय."

"पाणी तरी प्या की."

"म्हणलं ना, न्हाय."

ते नियमाचं बोलत होते की दुसरं काही, मी विचारलं नाही. मीच ओंजळीनं पाणी आणून त्यांच्या तोंडाशी धरलं. स्टँडवरचे लोक बघत होते. मला कुणाकुणाचं मुस्काट फोडावंसं वाटलं. तामलवाडी मागं पडली, जिल्हा संपला, तसे अण्णा खिशातला परवानगीचा कागद पुन्हापुन्हा चाचपायला लागले.

सोलापुरात आम्ही आधी चुकलोच. सायकलच्या रिमा आणि देवळातली भांडी मुलाम्यानं चकचकीत करणाऱ्या एकाकडं गेलो. त्यानं गोणपाट उघडू दिलं नाही. "रिम आणा, हँडल आणा, देव आणा. हे नको बाबा." त्यानंच बंदूक दुरुस्तीचं दुकान दाखवलं.

तिथला कारागीर म्हातारा होता, लुंगी नेसलेला. त्यानं लायसनचं पुस्तक घेतलं, भिंग लावून बंदुकीवरचा नंबर आकडान् आकडा त्याच्याशी ताडला, रजिस्टरला नोंद केली, मग पावती फाडली. हरणावर बोट फिरवून म्हणाला, "काम पुराना है. हरणाची नक्षी खोल हाय, ऱ्हाईल. उलट उठून दिसंल. वेल जरा बारीक हाय, थोडी झिजंल." मग त्यानं नळी उजेडात फिरवली. "हे डाग मात्र आत गेल्यात. ते तसेच ठेवून निकेल चढवलं, तर निकेलमधूनबी दिसतील. नळी घासावी लागंल."

"घासा," अण्णा म्हणाले.

म्हातारा बोलता बोलता नळी धरून बघत होता. त्याची बोटं नकळत त्या डागांवर जाऊन बसली. त्यानं खाली पाहिलं आणि हात काढून लुंगीला पुसला. अण्णांच्या तोंडाकडं एकदा बघून त्यानं नळी कापडात गुंडाळली. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, की नको, राहू द्या, परत द्या. का वाटलं ते कळलं नाही, म्हणून गप्प बसले.

काही आठवड्यांनी आम्ही ती आणायला गेलो. ओळखू येईना. पांढरीशुभ्र, लग्नात मांडलेल्या भांड्यासारखी. हरण तर असं उठून आलं होतं की आता उडी मारतं. नंबर स्वच्छ. आणि नळी एकदम कोरी. अण्णांनी ती वरून खाली, खालून वर अशी कितीदा चाचपली. परतीच्या एस.टी.त ते माझ्याशी पावसापाण्याचं बोलले, कंडक्टरशी थट्टा केली. दादा गेल्यावर पहिल्यांदाच. मलाही हलकं वाटलं. पीडा टळली म्हणतात तसं.

आई ओसरीवर मिलो निवडत होती. अण्णांनी गोणपाट सोडलं आणि बंदूक तिच्यापुढं धरली. लहान पोरानं परीक्षेचा निकाल दाखवावा तशी.

आईनं पदराला हात पुसले आणि बंदूक घेतली. मी तिला त्या बंदुकीला हात लावताना खंडेनवमीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. पण तिचा हात न बघता नळीवर एका ठरल्या जागी गेला, तिथं थांबला, मग पुढं सरकला, मागं आला, पलीकडून फिरला.

"कुठं गेली?" ती म्हणाली.

"काय?"

"बोटं."

अण्णांना आधी कळलंच नाही. "घासून काडली," ते म्हणाले. "तुज्यासाठीच. तुला बगवत न्हवतं म्हून..."

"म्या कवा म्हणलं?"

अण्णा हातातल्या गोणपाटाची उगाच घडी घालायला लागले.

"रोज हात लावत व्हते म्या त्याला," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "माझी बोटं बराबर बसायची त्याच्यावर. तेवढाच हात ऱ्हायला व्हता त्याचा. इचारायचं तरी."

बंदूक तिनं जमिनीवर ठेवली, जपून, आणि पुन्हा मिलो निवडायला घेतलं. मी आत गेले आणि कणगीमागच्या रिकाम्या कोपऱ्यासमोर उभी राहिले. तिथं आता भीती वाटत नव्हती. त्याचंच मला रडू आलं. जे कुणी तिथं उभं असायचं, ते आम्ही भाडं भरून, परवानगी काढून, पावती घेऊन घालवून आलो होतो.

आई त्या खोलीत नंतर कामापुरती जायची. गोदामावर मात्र बंदुकीचा मोठा बोलबाला झाला. पोरंसोरं बघायला यायची, संघाचे लोक म्हणायचे, नवी घेतली काय. अण्णा हसायचे नाहीत. बंपर नको, मुलामा नको, कुणी तो विषय काढला की उठून जायचे.

मग एक दिवस मी त्यांना तेलाची बाटली आणून दिली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." ज्या माणसानं एवढी वर्षं आठवड्याला बंदूक पुसली, त्यानं तेल बंद केलं. मला वाटलं कंटाळले असतील.

उन्हाळ्यातली, गोदामाच्या सुट्टीची दुपार होती. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले, तर अण्णा ओसरीच्या पायरीवर बसले होते. शेजारी वाटीत मिठाचं पाणी. ते त्यात हात बुडवत होते आणि नळी धरत होते, जिथं ती बोटं होती तिथंच, घट्ट, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. नळी पुसून बघत होते. पुन्हा बुडवत होते. निकेलवर पाण्याचे थेंब नुसते घरंगळत होते.

आई माझ्या मागून कधी आली ते कळलं नाही. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काय करायलाव?"

अण्णांनी मान वर केली नाही. "म्या वढली गं," ते म्हणाले. "त्यानं धरली व्हती, म्या वढली."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. तिनं त्यांचं एकेक बोट नळीवरून सोडवलं आणि तो ओला हात पदरानं पुसला.

"सोडा ती. तुमची बोटं जाड हायती. त्याची बारीक व्हती."