शुगरला चालणारा गूळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरातही नाही. कामांचा क्रम लावून ती एकेक करून संपवायची मला सवय आहे. पण हे एक काम दरवेळी खाली ढकललं गेलं — ढकललं गेलं कसलं, मीच ढकललं.

केजमध्ये माझं देशी मालाचं दुकान आहे. लाकडी घाण्याचं करडईचं तेल, जात्यावरच्या डाळी, बिनरसायनाचा गूळ. लोक हल्ली तब्येतीला जपतात, पाकिटामागचं बारीक वाचतात, आपल्याकडचं मागतात. चांगलंच आहे. माझा मालही खरा. भेसळ मी कधी केली नाही — आणि याच गोष्टीच्या आड मी इतकी वर्षं लपले.

शेजारच्या गाळ्यात शमीमआपा ब्लाऊज शिवतात. पायाची मशीन. त्यांना शुगर निघाली, डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

"बिनगोड चहा पिऊन मी सासूवानी बोलाया लागले, ताई. तुमचा गूळ देशी हाय — शुगरला चालतो न्हवं?"

"चालतो की, आपा."

मला माहीत नव्हतं का? माझ्या नवऱ्यालाही शुगर आहे. साखर काय नि गूळ काय, रक्तात गेल्यावर सारखंच, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. घरी नवऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून गुळाचा डबा मी फडताळात वर ठेवत होते. आणि आपांना ढेप बांधून देत होते.

का? एका ढेपेवाचून माझं काय अडलं असतं? देशी ते सगळं चांगलं, असं मी दिवसभर सांगायचे. त्यात एक 'पण' घालणं मला जड गेलं. एवढंच.

पुढं आपांच्या पायाला जखम झाली, चिघळली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. मी दवाखान्यात गेले, तर त्या जावेला सांगत होत्या, "ह्या गोळ्यांनीच घात केला. ताईचा गूळ व्हता म्हणून एवढ्यावर भागलं."

मी उशाशी उभी होते.

बऱ्या होऊन त्या गूळ मागायला आल्या, तेव्हा मी म्हणाले — संपला. पुढच्या वेळीही म्हणाले, संपला. चालत नाही, हे मात्र तोंडातून निघालं नाही. मग त्यांनी मागणं सोडलं.

आता त्या चौकातल्या दुकानातून आणतात. देशीच हाय ना, एवढं विचारून घेतात.